बसंतीबाई जेवली की नाही

मंगळावरच्या एका मोठ्या घुमटाखाली धनी नावाची सतरा वर्षांची पोरगी आपल्या आजासमोर उभी होती. काहीतरी सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, आणि दसरा होऊन गेला तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. फुटणार कसा? तो शब्द लिहायचा होता ममता राठोडनं, आणि ममताचीच पाचावर धारण बसली होती.

ममता म्हणजे दिग्रसच्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवणारी मास्तरीण. राहायची धावजी नाईक तांड्यावर, बाप आणि धाकटा भाऊ बादल यांच्यासोबत. चाळिशीला टेकलेली, चष्मा लावणारी, बोलायला फटकळ. लग्न केलं नाही. त्याबद्दल तांड्याला जेवढं बोलायचं होतं तेवढं बोलून झालं होतं, आणि आता नवीन काही सुचत नाही म्हणून लोक गप्प होते. वर्गात कुणी खुसखुसलं की ती खडू फेकून मारायची, आणि नेम बाकी चांगला होता बाईचा. अशी ही मास्तरीण मंगळावरच्या गोष्टी लिहिते म्हटलं तर कोणालाही हसूच आलं असतं. पण नागपूरहून निघणाऱ्या कुमारांच्या एका मासिकात तिची कादंबरी वर्षभर क्रमशः येत होती, आणि पोरंपोरी ती वाचत होती, खोटं कशाला बोलू!

कादंबरीत एक अख्खा तांडा मंगळावर राहायला जातो. एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालणारी ही माणसं. मंगळावर सामान पोचवायचं काम निघालं, तर यांच्याशिवाय दुसरं कोण जाणार, असा ममताचा सरळ हिशोब. तिथं घुमट आहे, घुमटात मोजकी हवा आहे, आणि हवेच्या मीटरवर लक्ष ठेवायला धनी आहे. धनीचा आजा, देवीलाल नायक, जुन्या वळणाचा. दिवाळीच्या पाडव्याला तो हट्ट धरतो की धबुकार झालाच पाहिजे.

धबुकार म्हणजे बंजाऱ्यांच्या घरी पाडव्याला पूर्वजांना दिलेलं जेवण. चुलीत रसरशीत इंगळ करायचे, त्यांच्यावर गुळाची लापसी आणि तूप सोडायचं, आणि एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. तुपानं आपोआप जाळ धरला की तो पूर्वज जेवला.

तर कादंबरीत मोठ्या मुश्किलीनं चार इंगळांची परवानगी मिळते. देवीलाल नायक नाव घेतो, तूप सोडतो, आणि घुमटाच्या छताकडे झेपावेल असा भडका उठतो. सगळा तांडा रडायला लागतो. पृथ्वी सुटली, माती सुटली, पण पुरखे वाट काढत एवढ्या लांब आले! त्या लाल ओसाडीत लोकांना पहिल्यांदा धीर येतो. फक्त धनीला मीटर दिसतं. हवेच्या नळीची चावी गळते आहे, चुलीजवळ प्राणवायू साचला आहे, आणि भडका त्याचा आहे. धनी बोलली नाही, तर पुढच्या चुलीला घुमट पेटेल. बोलली, तर लोकांचे पूर्वज त्यांच्या हातून जातील. इथं मागचा अंक संपला होता.

"ममताताई, शेवटचं प्रकरण कधी देताय?" संपादक निशिगंधाताईंचा दर दोन दिवसांनी फोन. "धनीनं सगळ्यांसमोर स्पष्ट सांगायला हवं हं. आपली मुलं वाचताहेत. श्रद्धा की विज्ञान, तिथं गुळमुळीत नको."

"देते ना, ताई. या आठवड्यात देते," असं म्हणून ममता फोन ठेवायची, आणि कागद तसाच कोरा राहायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? गोष्टच तर आहे, लिहून मोकळं व्हावं. पण ती गोष्ट मंगळावर घडलीच नव्हती. ती घडली होती ममताच्या घरात, मागच्या पाडव्याला.

ममताचा बाप फकिरा राठोड. जन्मभर विड्या ओढल्या, आणि छातीचं पार खोकं करून घेतलं. आता ओसरीवर ऑक्सिजनची मशीन घरघरत असायची, आणि तिची लांब नळी फकिराच्या नाकाशी. नळी काढून तो थोडा वेळ राहू शकायचा, पण लवकरच ओठ काळेनिळे पडायचे. "आग, दिवा, उदबत्ती, काहीच जवळ नको," डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ममतानं तेच सत्तर वेळा सांगितलं होतं. फकिरानं मान डोलावली होती, आणि मान डोलावण्यात काय जातं!

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बसंतीबाई गेली होती. ममताची आई, तिची याडी. पोटात आतडं अडकलं म्हणून फकिरा आणि ममतानं तिला यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. ऑपरेशन सकाळी होणार होतं, ते दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. तोवर तोंडात काही द्यायचं नाही. डॉक्टरांनी फकिराला नीट समजावलं होतं की पोटात अन्न असलं तर भूल देताना ते उलटून श्वासाच्या नळीत जातं आणि माणूस दगावतो. बसंतीबाईला ते पटत नव्हतं. ती दिवसभर एकच म्हणत होती, "मले एवढी दूध-भाकर द्या ना हो. भूक लागली." फकिरा म्हणाला, "ऑपरेशन झाल्यावर खा." ती रुसून भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी टेबलावरच तिचं हृदय बंद पडलं.

फकिरा तेव्हापासून एकच वाक्य धरून बसला होता. "उपाशी पाठवलं मी तिले. मागून राह्यली होती, आन् मी देल्लं नाई." जेवायला बसला की पहिल्या घासालाच त्याचा हात थांबायचा.

मग आला पाडवा. पूर्वजांत बसंतीबाईचं नाव पहिल्यांदाच घ्यायचं होतं. ममता सांगून थकली, पण फकिरा चुलीपुढं बसला तो बसलाच. तांड्यातले चार म्हातारे सोबत. त्यांच्यापुढं नाकात नळी नको म्हणून फकिरानं ती ओढून मांडीवर टाकली, आणि ओसरीवर मशीन चालूच. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, तुपानं जरासा जाळ धरला. मग बसंतीचं नाव घेऊन तो दोन्ही हातांनी तूप सोडायला वाकला. मांडीवरच्या नळीचं टोक इंगळांशी गेलं, आणि जो काय भडका उठला! बाप्पा बाप्पा! फकिराच्या मिशा करपल्या, मांडीवरच्या धोतराला भोक पडलं. आणि तो मात्र दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा ओरडत होता, "जेवली! बसंती जेवली माही!"

म्हाताऱ्यांनी पागोटी उतरवून जमिनीवर डोकी टेकली. ममतानं धावत जाऊन मशीन बंद केली, आणि वितळलेलं नळीचं टोक उकिरड्यावर नेऊन टाकलं. नळीनं जाळ धरला असता तर तो मागं मशीनपर्यंत गेला असता, आणि घरातलं कोणी वाचलं नसतं, हे तिला कळत होतं. पण त्या दिवशी फकिरा पोटभर जेवला. बसंतीबाई गेल्यापासून पहिल्यांदा. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून ममताच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

मग तिनं ती गोष्ट मंगळावर नेऊन ठेवली. तिथं तरी कोणी बोलेल, असं तिला वाटलं होतं.

फकिरा प्रत्येक अंक ऐकायचा. शाळेतून आल्यावर ममता ओसरीवर बसून वाचायची, आणि हा खाटेवरून शंभर शंका काढायचा. "तिथं जवारी होते काय वं?" "बैल नेले का नाई त्याइनं?" भडक्याच्या प्रकरणाला तर त्यानं मांडीवर थाप मारली. "आले ना पुरखे! मले माहीतच होतं. आपल्या घरी आले, मंग तिथं कायले नाई येतीन?" ममताला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

आणि दिवाळी तोंडावर आली. यंदा फकिराच्या अंगात भलताच उत्साह. मागच्या भडक्याची कथा तांडाभर झाली होती, आजूबाजूच्या तांड्यांवर गेली होती. लोक येऊन चूल बघून गेले होते, चूल! "यंदा सगळे मोठे लोक पयले आपल्या घरी येऊन राह्यले," फकिरा सांगत सुटला. "नळी राहू देजो माह्या मांडीवर. मागच्या साली होती तशीच. काही बदलाचं नाई."

ममताला रात्र रात्र झोप नाही. वर्गात शिकवताना हातातला खडू तसाच राहायचा. विझत आलेली उदबत्ती प्राणवायूच्या नळीत धरली की भक्कन पेटते, हा आठवीचा प्रयोग, तो दाखवताना ती भडक्याकडे बघत मध्येच थांबली, तेव्हा पोरींनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" तिनं बादलला सगळं सांगितलं. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून तो आधीच वैतागलेला. म्हणाला, "त्यात काय? त्या वक्ती मशीन बंद करून टाकू."

तसं त्यानं बापाला सांगूनही पाहिलं. फकिरा म्हणाला, "कर बंद. मंग मी ते नळी पुन्हा नाकाले लावतच नाई. देव शपथ." आणि फकिरा शपथ घालून मोडणाऱ्यांतला नव्हता. नळीशिवाय तो किती टिकेल हे दोघांना ठाऊक होतं.

"सांगून टाक त्याले, काय आहे ते," बादल म्हणाला. "तू मास्तरीण ना?"

मास्तरीण होती म्हणूनच तर जीव टांगणीला लागला होता. शेवटी पाडव्याच्या दोन दिवस आधी तिनं एका बैठकीत ते प्रकरण लिहून काढलं. धनी बोलली. सगळ्या तांड्यासमोर नाही, एकट्या आजाला बाजूला घेऊन बोलली. मीटर दाखवलं, गळकी चावी दाखवली. देवीलाल नायक बराच वेळ घुमटाबाहेरच्या लाल मातीकडे बघत राहिला, आणि मग त्यानं स्वतःच्या हातानं इंगळांवर पाणी टाकलं. निशिगंधाताईंना पाठवलं, तर तासाभरात उत्तर आलं. "सुरेख! आजोबा कसे समजूतदार निघाले!"

दुपारी ममता ओसरीवर बसली आणि तेच प्रकरण तिनं बापाला वाचून दाखवलं. मशीन घरघरत होती. संपलं तेव्हा फकिरानं मिशीवरून हात फिरवला, जिथं मागच्या वर्षी करपली होती तिथं.

"ते हवेचं पुन्हा वाच," तो म्हणाला.

तिनं पुन्हा वाचलं.

"म्हंजे मागच्या साली आपल्या घरी..."

"हव, बा." ममताच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "नळी इंगळाजवळ गेलती. तिचं टोक वितळलं होतं. मी फेकून देल्लं. तुम्हाले सांगाची हिंमत झाली नाई माही."

"मंग बसंती आली नाई."

ममता नुसती रडत राहिली. फकिराचा श्वास वाजत होता, आत-बाहेर, आत-बाहेर. तो फुटून रडेल, शिव्या देईल, कादंबरी फाडेल, कशालाही तिची तयारी होती. पुढं जे झालं त्याला मात्र नव्हती.

"हवा जवळ नेली का भडका होते?" त्यानं विचारलं.

"होते, बा."

"दर टाइमले? चुकत नाई?"

"चुकत नाई. म्हून तर सांगून राह्यली तुम्हाले, का..."

"मंग बरंच झालं म्हना." फकिरा खाटेवर उठून बसला. त्याचे डोळे चमकत होते. "पुरखे आपल्या मनानं येतेत, नाई येतेत. त्याइच्यावर आपला काय जोर? पन हे हवा तं आपल्या हातात हाय. डाक्टरच्या सायन्सनं तिले उपाशी ठेवलं, मी गुमान आयकलं. आता तुहं सायन्सच तिले जेवू घालन. परवा मी नळी हातातच धरीन. तिचं नाव घेतो आन् सोडतो हवा."

मंगळावरच्या आजाला खरं सांगितल्यावर त्यानं इंगळ विझवले होते. हा म्हातारा तर खरं ऐकून पेटवायला निघाला! "बा, तुम्ही जळसान! घर जळन!"

"जळलो तं जळलो. तिच्याजवळच जाईन."

"आन् आम्ही?"

"तुम्ही बाहीर बसा," फकिरा शांतपणे म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

पाडव्याला सकाळपासून ममताची नुसती येरझार चालली होती. तांड्यात पोरं फटाके फोडत होती, आणि प्रत्येक फटाक्याला ती चुलीकडे बघून येत होती. बादलनं युक्ती करून म्हाताऱ्यांना अंगणातच सतरंजीवर बसवलं. "आत बाच्या छातीले गर्दी सोसत नाई, जाळ झाला का हाक मारतो," असं सांगून तो स्वतः ओसरीवर मशीनपाशी उभा राहिला. ममतानं हाक मारली की बटण बंद करायचं, असं ठरलं होतं. बापानं मग शपथ पाळली तर पाळली, आजचा दिवस तर निघेल. चुलीजवळ पाण्याची बादली आणि ओलं केलेलं पोतं ठेवून ममता आत थांबली. फकिरानं पोत्याकडे पाहिलं आणि तो हसला.

"भेतं काहून वं?"

"भेऊ नाई तं काय करू!" ती खेकसली, आणि लगेच तिचा आवाज फुटला. "हात जोडतो मी तुमच्यापुढं, बा. नका करू."

फकिरानं चुलीकडे पाहिलं. इंगळ लाल झाले होते. त्यानं नाकातली नळी काढली, डाव्या मुठीत घट्ट धरली. उजव्या हातानं लापसी आणि तूप सोडत बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं. तूप चरचरलं, धूर झाला, बारीक जाळ उठून बसला. फकिराला धाप लागत होती, ओठांचा रंग बदलायला लागला होता. हाक मारावी का? बटण बंद झालं की घरघर थांबेल, त्याला तत्काळ कळेल, आणि उद्यापासून हा माणूस नळी लावणार नाही. न मारावी, तर भडका समोरच आहे. फकिरानं तुपाची वाटी उचलली. डावी मूठ चुलीकडे सरकली.

"बसंती..." तो म्हणाला.

"बा, याडी उपाशी नाई गेली!"

हे आपण कसं बोललो, ममताला कळलं नाही. फकिराचा हात थांबला.

"मी भरवलतं तिले," ममता म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं आपोआप येत गेलं, कागदावर येतं तसं. "तुम्ही खाली औषध आनाले गेलते, तवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्यात भाकर होती. दूध मागून घेतलं. कुस्करून देल्ली. चार-पाच घास खाल्ले तिनं."

"खोटं बोलतं."

"भाकर जाड थापली म्हने कोनं, असं म्हनली ते."

फकिरा तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्याच्या हातच्या भाकरीला नावं ठेवल्याशिवाय बसंतीबाईनं जन्मात घास घेतला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते हसू वाकडं झालं, आणि म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला. "जाड थापली म्हने! मरता मरता बी!" असं म्हणत रडला. नळी त्याच्या मुठीतून सुटली. ममतानं ती झडप घालून उचलली, चुलीपासून लांब केली आणि बादलला हाक मारली. घरघर थांबली. फकिरानं शपथेचं नावही काढलं नाही. डोळे पुसून त्यानं बसंतीच्या नावानं तूप सोडलं. जरा धूर झाला, जाळ झाला की नाही ते त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मग स्वतःच खाटेवर येऊन पडला आणि "लाव आता नळी" म्हणाला.

अंगणात म्हाताऱ्यांनी लापसी खाल्ली. यंदा भडका झाला नाही म्हणून थोडी हळहळ झाली, थोडी कुजबुज झाली, आणि ज्याचा तो आपल्या घरी गेला. ममताचा जीव भांड्यात पडला होता. इतके महिने छातीवर बसलेला दगड उतरला होता, आणि तो एका थापेनं उतरला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. श्रद्धेनं जमलं नाही, विज्ञानानं जमलं नाही, ते गोष्टीनं जमलं! तिनं ताट वाढून घेतलं. भूक लागली होती, खूप दिवसांनी.

"ममता," ओसरीवरून फकिराची हाक आली. "इकडं ये. बस इथं."

ती खाटेजवळ जाऊन बसली. फकिरानं एकदा बादल आसपास नाही ना ते पाहून घेतलं. तो बैलांना चारा टाकायला गोठ्यात गेला होता.

"ते डाक्टर काय म्हनलता," फकिरा हळू आवाजात म्हणाला. नळीतून श्वास घेत, थांबत थांबत. "पोटात अन्न असलं तं भूल देताना वर येते. श्वासात जाते. असंच म्हनलता ना?"

ममतानं हा विचार केलाच नव्हता. इतकी मंगळावरची हवा मोजणारी बाई, आणि हे एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"त्याइनं हृदय बंद पडलं म्हून सांगितलं, बा," ती कशीबशी म्हणाली.

"त्याइले कुठं मालूम होतं तू भरवलं म्हून."

खोटं होतं, बा. मी भरवलं नाही. ती उपाशीच गेली. एवढंच म्हणायचं होतं, आणि ती सुटली असती. पण मग तिची आई पुन्हा उपाशी झाली असती, आणि नळी पुन्हा बापाच्या हातात आली असती. ममता खाली मान घालून बसून राहिली. मान खाली घालणं म्हणजे कबुली, हेही तिला कळत होतं. 

फकिरानं हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"भूक लागली होती तिले. तू देल्लं. मी अस्तो तं माह्यानं देनं झालं नसतं." त्यानं श्वास घेतला. "झालं ते झालं. पन हे बादलले सांगू नको. कोनालेच सांगू नको, बेटी. मी आयकलंच नाई, असं समज."



"बरं, बा," ती म्हणाली.